कुकर कोणाचा?

घरात दोन तऱ्हेची भांडी असतात, मालक असलेली आणि बिनमालकाची. ताट, वाटी, पेला, चहाचा कप यांना मालक असतो. ज्यानं खाल्लं-प्यायलं त्याचं ते. पण कुकर कोणाचा? सायीचा थर धरलेलं पातेलं, तळाला पिठलं लागलेली कढई, तवा, गाळणं, कणकेची परात ही सगळी बेवारस. वाढत्या वयाची तीन मुलं असलेल्या आमच्या घरात रात्री साडेनऊला सिंकमध्ये हीच मंडळी उरलेली असायची. तीन ताटं मात्र लख्ख घासून ताटाळ्यात उभी. विचारावं तर तिघंही सांगणार, "मी माझं घासलंय." आणि ते खरंही असणार.

चारचौघांच्या घरीही असंच चालतं, हे मला ठाऊक आहे. चौदा-पंधराव्या वर्षी आपलं ताट उचललं म्हणजे जगावर उपकार केले असं सगळ्यांनाच वाटतं. पण आमच्याकडे त्या उरलेल्या कुकरला जरा जास्त अर्थ होता, कारण आमचं घर दोन घरं जोडून झालेलं आहे. माझा एक मुलगा, नवऱ्याची एक मुलगी आणि एक मुलगा. माझा घटस्फोट झालेला, त्याची पहिली बायको आजारपणात गेलेली. लग्न आम्ही विशेष विवाह कायद्यानं केलं. त्यात 30 दिवसांची नोटीस लागते, ती कार्यालयात लावतात आणि कोणाची हरकत असेल तर त्यानं त्या मुदतीत नोंदवायची असते. कोणी नोंदवली नाही. हरकती आल्या त्या पुढे, ओट्यापाशी.

माझा मुलगा तोवर एकुलता होता, तो एका दिवसात थोरला झाला. नवऱ्याची लेक जन्मापासून थोरली, ती मधली झाली. धाकटा तेवढा धाकटाच राहिला. या सगळ्या व्यवहारात नफ्यात राहिलेला तो एकटाच. वयाच्या चौदाव्या वर्षी हातातलं थोरलेपण जाणं म्हणजे काय, हे मोठ्यांच्या लक्षात येत नाही. धाकट्याला हुकूम सोडण्याचा, रिमोट आधी घेण्याचा, "तुला काय कळतंय" म्हणण्याचा पिढीजात हक्क होता तिचा. तो आता डोंबिवलीहून आलेल्या, मिसरूड फुटलेल्या एका लांबड्या मुलाकडे गेला, आणि त्याला तर तो नकोच होता.

डोंबिवलीच्या दोन खोल्यांत मी आणि तो, दोघंच. मी संध्याकाळची लोकल पकडून येईपर्यंत सव्वाआठ व्हायचे. नऊ वर्षांचा असल्यापासून तो कुकर लावायचा. डाळ-तांदूळ मी सकाळी काढून ठेवायची. तो धुवायचा, पाणी घालायचा आणि गणितं सोडवत शिट्ट्या मोजायचा. त्याला मी कामाची सवय लावली असं लोक कौतुकानं म्हणतात. सवय कसली! दुसरा इलाज नव्हता.

नवऱ्याच्या कोथरूडच्या घराची रीत निराळी. सून गेल्यावर सासूबाईंनी सत्तरी ओलांडलेली असताना पदर खोचला आणि दोन्ही नातवंडांना इकडची काडी तिकडे करू दिली नाही. आईविना लेकरं म्हणून दूधसुद्धा हातात यायचं, ग्लास हातातून परत जायचा. दुःखाची भरपाई त्या घरानं कामातून सूट देऊन केली होती. यात चूक-बरोबर काढणारी मी कोण? पण त्या सुटीची सवय पोरांना झाली, आणि दमणूक सासूबाईंच्या गुडघ्यांना.

स्वयंपाकघरंही दोन होती, ती एकात आली. माझा हॉकिन्स, त्यांचा प्रेस्टिज. एकाचं झाकण आतून बसतं, दुसऱ्याचं वरून, त्यामुळे एकाची रिंग दुसऱ्याला चालत नाही. दोन्ही रिंगा एकाच खिळ्याला टांगलेल्या असायच्या आणि घाईच्या वेळी हटकून चुकीची हाताला लागायची. डबे, पातेली, वाट्या सगळं दुप्पट. त्यातल्या एका पितळी डब्यावर टिंबाटिंबांच्या अक्षरांत नाव घातलेलं होतं. मुलांच्या आईचं. डबा तिच्या लग्नात मामाकडून आलेला. त्यात पोहे असत. सकाळी येणाऱ्या भांडीवाल्या मावशींनी एकदा तो घासायला घेतला, तर मधलीनं शाळेचा एक बूट घातलेला, एक हातात अशी येऊन तो त्यांच्यापुढून उचलला. "हा मी करते." चिंच लावून, बोटानं अक्षरं मोकळी करत तिनं तो घासला. व्हॅन खाली हॉर्न वाजवत होती. घरात एवढं एकच सामाईक भांडं होतं जे ती आपणहून घासत असे. मी ते पाहिलं आणि त्यावर अवाक्षर काढलं नाही.

काम सांगण्याची माझी भाषा दोन प्रकारची होती, हे मला थोरल्यानं सांगितलं. "मला ‘लाव’, आणि तिला ‘लावशील का’. बरंय." खरंच होतं ते. पोटच्या पोराला मी आज्ञार्थात बोलत होते आणि नवऱ्याच्या मुलांना विनंती अर्ज करत होते. शेवटी ‘जमलं तर’ असं शेपूट लावून. धाकटा त्या ‘जमलं तर’चा पुरेपूर फायदा घ्यायचा, त्याला कधीच जमायचं नाही. मधली "हो काकू" म्हणायची आणि सांगितलं तेवढंच करायची. पेले भर म्हटलं की पेले भरायची, तांब्या रिकामाच. अदबीत तिच्या कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. चांगल्या घरची मुलगी दुसऱ्याच्या घरी राहायला गेली की जशी वागते, तशी ती स्वतःच्या घरी वागत होती.

आणि बघणारे होते ना! दिवाळीत माझ्या नणंदबाई आल्या, तेव्हा मधली हातात फडकं घेऊन पंख्याची पाती पुसत होती. खाली स्टूल धरून थोरला उभा. नणंदबाईंना स्टूल दिसलं नाही, फडकं दिसलं. "दमतेस का गं बाळा?" एवढंच त्या म्हणाल्या. याच बाईंनी आपल्या मुलीला बाराव्या वर्षी पोळ्या लाटायला बसवलं होतं आणि ते त्या अजून अभिमानानं सांगतात. मुलांच्या आजोळहून तिथल्या आजीचा फोन यायचा, तोही फिरून फिरून तिथेच. "कामं पडतात का रे फार?" त्या माउलीवर मला रागावता आलं नाही. लेक गेलेली, नातवंडं परक्या बाईच्या हाताखाली. तिनं दुसरं काय विचारायचं?

आपल्याकडे ध्रुवाच्या गोष्टीतली सुरुची पोराला बापाच्या मांडीवरून उठवते. भांडी घासायला लावत नाही. ते काम सिंड्रेलाच्या सावत्र आईचं. शार्ल पेरोनं 1697 साली ती गोष्ट छापली आणि आता ती कोथरूडच्या बालवाडीतल्या पोरांनाही पाठ असते: सावत्र आई, केरसुणी, राख. म्हणजे पूर्वेची गोष्ट घ्या नाहीतर पश्चिमेची, मुलीला केर काढायला सांगणारी माझ्यासारखी बाई गोष्ट सुरू होण्याआधीच हरलेली. सिंड्रेलाच्या बापाबद्दल मात्र कोणी काही विचारत नाही. तो घरात होता की. त्याला घासलेलं ताट आयतं मिळत होतं.

कायद्याचं म्हणाल तर तो सरळ आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 यातल्या सहाव्या कलमात नैसर्गिक पालक कोण ते सांगितलं आहे आणि खाली स्पष्टीकरणही दिलं आहे, की ‘वडील’ आणि ‘आई’ यांत सावत्र वडील आणि सावत्र आई येत नाहीत. म्हणजे मधलीची कायद्यानं मी पालक नाही. पण तिला नीट वळण नाही लागलं तर बोल कोणाला लागणार, हे सांगायला कलम लागत नाही.

आम्ही राहतो तिथून कर्वे रस्ता जवळ. महर्षी कर्व्यांनी 1893 साली विधवेशी लग्न केलं, मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला, हे आपण शाळेत शिकतो. त्या लग्नाच्या वेळी पहिल्या बायकोचा मुलगा रघुनाथ अकरा वर्षांचा होता, पुढे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढणारे र. धों. कर्वे ते हेच, हे कोणी शिकवत नाही. आपल्या इतिहासाला पुनर्विवाहात रस आहे, तो लागल्यावर दुसऱ्या दिवशी पाणी कोणी भरलं यात नाही. मला आता त्या रस्त्यानं जाताना दुसऱ्या दिवसाचंच सुचतं.

अमेरिकेतल्या पॅट्रिशिया पेपरनाउ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशा जोडलेल्या कुटुंबांसोबत वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचं यावरचं एक पुस्तक 2013 साली आलं. त्यांचं म्हणणं असं, की नव्यानं आलेल्या पालकानं आधी नातं जोडावं. शिस्तीचं, बोलण्या-रागावण्याचं काम बराच काळ सख्ख्या आईनं किंवा सख्ख्या बापानंच करावं. सल्ला पटण्यासारखा आहे. अडचण एवढीच, की तो पाळायचा तर सख्ख्या बापाला फरशी पुसायचं फडकं कुठे ठेवतात ते माहीत हवं. केंद्र सरकारनं 2019 साली लोक आपला वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. घरच्यांसाठीचं बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती, पुरुषांची 97. बरं, हे 97 सुद्धा जे काही करतात त्यांचे. असे पुरुष शंभरात 26. माझा नवरा मनानं फार भला माणूस आहे, पण लग्नाआधी तो उरलेल्या 74 मध्ये मोडत होता. "मी सांगतो त्यांना," म्हणायचा. बातम्या दिल्यासारख्या आवाजात एकदा सांगायचा. पोरं हलली नाहीत की भांडण नको म्हणून स्वतःच उठून अर्धवट काहीतरी करायचा. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या झाडायचे, कपडे धुवायचे, आणि ती मुलं ओशाळून सुधारली म्हणतात. आमच्या मुलांना बाबा भांडी घासताना पाहून अजिबात ओशाळल्यासारखं झालं नाही. उलट धाकट्यानं आपला कप आणून दिला.

मग नवऱ्यानं अभियंत्याला सुचेल तेच केलं. एक्सेलमध्ये तक्ता केला. पाच माणसं, सात दिवस, प्रत्येकाला रंग. सासूबाईंना वगळलं, त्याचा त्यांना राग आला. तक्ता फ्रिजवर लागला आणि घरात भाऊबंदकी सुरू झाली. "माझ्या पाळीला पाहुणे होते, अकरा ताटं पडली." "तिनं तवा नुसता विसळला." "त्यानं केर सोफ्याखाली ढकलला, बघ, बघ." धाकट्याचा वार असला की सासूबाई त्याच्या आधी उठून ओटा पुसून मोकळ्या. प्रत्येक तक्रार आपापल्या माणसाकडे दाखल व्हायची, थोरल्याची माझ्याकडे, त्या दोघांची त्यांच्या बाबाकडे. रात्री दहा वाजता नवरा-बायको आम्ही दोन पक्षांचे वकील म्हणून समोरासमोर उभे. समान वाटणीतून न्याय होतो असं ज्याला वाटतं त्यानं पौगंडावस्थेतली तीन मुलं घेऊन एकदा तरी तक्ता करून पाहावा.

पैशाचंही झालं. नवऱ्यानं थोरल्याला गाडी धुण्याचे पन्नास रुपये देऊ केले. त्यानं घेतले नाहीत. धुतली मात्र. "काकांकडून पैसे कशाला?" मला म्हणाला. धाकट्यानं ते पन्नास लगेच मागितले, बाबाच होता ना त्याचा! कोणाकडून पैसे घ्यावेत आणि कोणाकडून घेऊ नयेत याचा हिशेब मुलांचा मुलांपाशी पक्का असतो.

थोरल्याचं आणि काकांचं जमलं ते मोरीतल्या गळक्या नळाशी. नवऱ्यानं मुख्य कॉक बंद करून नळ खोलला, थोरल्यानं मोबाईलचा उजेड धरला. झिजलेला वायसर निघाला, त्याच्या मापाचा आणायला थोरला दुकानात जाऊन आला, चुकीचा आणला, परत गेला. दोघांनाही एकमेकांकडे बघावं लागत नव्हतं, नळाकडे बघायचं होतं. बहुतेक पुरुषांना नातं जोडायला मधे एखादी बिघडलेली वस्तू लागते, असं माझं मत होत चाललं आहे.

तक्ता कधी पडला ते कळलं नाही. फ्रिजखाली गेला असावा. त्याच सुमारास भांडीवाल्या मावशींच्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं आणि त्या गावी गेल्या. जाताना सहज म्हणाल्या, की धाकटी मधलीच्याच वयाची आहे, सकाळच्या शाळेआधी चौघांच्या भाकऱ्या थापून जाते. किशोरवयीन मुलांना घरकामाला कसं लावावं हा प्रश्नच मुळात कोणाच्या घरचा आहे, ते त्या एका वाक्यात कळलं. त्याचं पुढे मी काही केलं असं नाही. भांडी मात्र आता संध्याकाळचीच नव्हे, तिन्ही त्रिकाळची आली.

पाळ्या गेल्या आणि त्यांच्या जागी खाती आली. वार वाटण्याऐवजी अख्खं कामच एकेकाच्या नावावर केलं, आगापिछा सगळं. गिरणी आणि कचरा धाकट्याकडे. दळणाचा डबा सायकलच्या कॅरियरला बांधून नेणं त्याला एकदम पराक्रमाचं वाटलं. गहू बारीक की मध्यम हे गिरणीवाल्या काकांना तो सांगणार. ज्वारी आधी दळली जाणार नाही ना, तेही बघणार. कचरा ओला-सुका वेगळा करायचा कंटाळा केला की सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताई त्यालाच दारात बोलावून घेत, आणि त्यांच्या बोलण्याला आमच्यापेक्षा वजन होतं. थोरल्याकडे बुधवार आणि शनिवारचं रात्रीचं जेवण. काय करायचं ते त्यानंच ठरवायचं. खिचडी फार वेळा होते, पण मी काही बोलत नाही. मुलांनी केलेलं काम त्यांच्यादेखत पुन्हा करणाऱ्या आया असतात. घडी उलगडून परत घालणाऱ्या. त्यांना पुढे जन्मभर घड्या घालाव्या लागतात आणि लागाव्यातच.

मधलीनं दूध मागून घेतलं. दूध म्हणजे नुसतं तापवणं नव्हे. गार झाल्यावर साय काढणं, सायीचं विरजण, दर रविवारी ताक, लोणी, तूप हे सगळं त्यात आलं. मुलीकडेच दूधदुभतं कशाला, असं माझ्या एका मैत्रिणीनं विचारलं. मधलीनं ते का मागितलं ते मला पहिल्याच रविवारी कळलं. विरजण किती लावायचं हे घरात फक्त सासूबाईंना माहीत, आणि त्यांनी ते आपल्या गेलेल्या सुनेला शिकवलेलं. मधली आजीच्या शेजारी उभी राहिली. साय घुसळताना आधी नुसता फेस, मग जड, मग एकदम हात हलका होतो आणि लोण्याचे कण सुटतात. "आता बर्फाचं पाणी," सासूबाई म्हणाल्या, "तुझी आई इथे घाई करायची." आईची चूक पहिल्यांदा कोणीतरी काढली त्या घरात. मधली खो खो हसली.

तूप कढवणं मी शिकवलं. लोणी वितळून तडतडतं तोवर जवळ नाही राहिलं तरी चालतं. आवाज थांबला की मात्र हलायचं नाही. तळाची बेरी बदामी झाली पाहिजे, तांबडी नाही. त्यात मिनिटाचाही फरक नसतो. तिची पहिली दोन तुपं करपली. मी ओरडले, अगदी थोरल्यावर ओरडते तशी, "लक्ष कुठेय तुझं?" सासूबाई पाहतच राहिल्या. मधली म्हणाली, "मोबाईलमध्ये होतं," आणि जाऊन पातेलं घासायला बसली. ‘हो काकू’ नाही, काही नाही. करपलेलं पातेलं घासायला राखुंडी लागते की स्टीलची घासणी, यावर आमचं बरंच वाजलं. त्यानंतर ‘जमलं तर’ हे शेपूट माझ्या जिभेवर परत आलेलं नाही.

बेरीवर साखर घालून ती पातेल्यातच खायची असते. तीन चमचे येतात. थोरला उंच, तो लांबून हात घालतो. धाकटा पातेलंच उचलून पळतो. कडेला चिकटलेलं खरवडता खरवडता निम्मं पातेलं तिथेच साफ होतं. उरलेलं ज्याच्या हातात शेवटी सापडतं त्याच्या गळ्यात. यावर ते भांडतात, पण आमच्याकडे येत नाहीत.

सगळं आलबेल आहे असं नाही. धाकटा परीक्षेच्या नावाखाली पंधरापंधरा दिवस गिरणी चुकवतो आणि मग आम्ही विकतच्या पिठाच्या पोळ्या खातो. सासूबाई अजून त्याच्या ताटाखालचं पुसतात. नणंदबाईंचं मत बदललेलं नाही. मुलांच्या आजोळी मी मधलीच्या हातचं तूप पाठवलं, ते पोचल्याचा फोन आला, पुढे तिथल्या आजी बराच वेळ हवापाण्याचंच बोलत राहिल्या.

परवा मी बँकेतून आले तर घरात पाऊल टाकल्याबरोबर जळक्या दुधाचा वास. ओटा चकचकीत पुसलेला, एरवी कधी नसतो इतका. शेगडीचं बर्नर उचलून पाहिलं, तर खाली तपकिरी पापुद्रे. ट्रॉलीचा खण ओढला, तो चिकट. म्हणजे लिटरभर तरी उतू गेलेलं. तिघंही हॉलमध्ये पुस्तकं उघडून बसलेली, हेच मुळात संशयास्पद.

"दूध कोणी उतू घालवलं?"

मधली पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "मी क्लासहून आले तेव्हा असंच होतं."

थोरला म्हणाला, "माहीत नाही. मी हेडफोन लावले होते."

आता उरला धाकटा. दोन वर्षांपूर्वी याच पोरानं बाबाला ऑफिसात फोन करून दादानं केर कुठे ढकलला ते सांगितलं होतं. त्यानं एकदा थोरल्याकडे पाहिलं, एकदा मधलीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "मांजर आलं असेल."

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो.